सनडायल 'नीट करून' देणाऱ्या काकांना साष्टांग

माझ्या सनडायलचा, म्हणजे उन्हातल्या सावलीवर वेळ दाखवणाऱ्या घड्याळाचा, सहा तासांचा टाइमलॅप्स. नऊ ते तीन, दर तीस सेकंदाला एक फोटो, म्हणजे ७२० फ्रेम आणि त्याचा व्हिडिओ होणार फक्त चोवीस सेकंदांचा, आणि तेवढंही या लोकांना बघवत नाही.

११:४० पर्यंत सगळं मस्त. मग एका फ्रेममध्ये कोणाची तरी सावली, मान खाली, हातात मोबाईल. पुढच्या फ्रेममध्ये थेट हात, अंगठीसकट. त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये तबकडी तिरकी. घरी आलेले काका! वर मलाच सांगतात, "अरे तुझं ते घड्याळ चौदा मिनिटं मागे होतं, मी फिरवून नीट केलं."

नीट केलं?? अहो, सूर्याची वेळ आपल्या घड्याळाच्या वर्षभर पुढेमागे होत असते, आणि हा फेब्रुवारी आहे, चौदा मिनिटं मागेच असणार ते! नोव्हेंबरच्या सुरुवातीला या, सोळा मिनिटं पुढे दाखवीन, तेव्हा काय उलटं फिरवणार? आदल्या दिवशी उन्हात करपून खरी उत्तर दिशा काढली होती मी, होकायंत्रावर विश्वास न ठेवता, आणि यांनी दोन बोटांनी एका सेकंदात वाट लावली. आता ते ११:४० ला बरोबर आणि बाकी दिवसभर भलतंच.

मागच्या वेळी ढग. तो ऑटो एक्सपोजर (कॅमेरा उजेड बघून फोटो आपोआप उजळ-गडद करतो ते) लॉक करायला विसरलो आणि सावली कमी, डिस्को जास्त. त्याच्या आधी फोन तापून बंद, तेही दोनला दहा कमी असताना. आणि तो एक शहाणा, "सावलीची कड शार्प का नाही, फोकस गेलाय का?" अरे बाबा, सूर्य म्हणजे टाचणीचं टोक नाही, आकाशात अर्ध्या अंशाची चकती आहे, कड पुसटच येणार. दुसरा म्हणतो कॉम्प्युटरवर बनव की, कोणाला कळतंय. मला कळतंय!!

बरं, काका हात घालत होते तेव्हा मी कुठे होतो, तर आत पंख्याखाली घोरत. आणि पावणेदहाच्या सुमाराला फ्रेममध्ये जो गोल काळा डाग हळूच येऊन जातो, ते माझंच टक्कल आहे, फोकस चेक करत होतो. हा भाग मी काकांना सांगितलेला नाही.

काकांना क्लिप दाखवली. तीनदा बघितली त्यांनी. म्हणे, "अंगठी छान आलीय, मला पाठव."