फुकट वायफाय: भीती नको तिथे, विश्वासही नको तिथे

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. स्टेशनवरचं फुकट वायफाय जोडलं की बाकावरचा हॅकर बँक खातं रिकामं करतो. पासवर्ड असलेलं हॉटेलचं वायफाय चालतं. मोबाइल नंबर विचारणाऱ्या वायफायची सरकारदरबारी नोंद असते, म्हणून ते सुरक्षित. तरी धाकधूक वाटलीच तर एखादं फ्री व्हीपीएन (इंटरनेटवरची ये-जा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत नेणारं अॅप) टाका. पाठवणाऱ्यांना घरच्यांची काळजी असते, हे मला मान्य आहे. तरीही हा संदेश पुढे ढकलू नका, असं मी कळकळीने सांगेन.

आधी हॅकरचं बघू. २०१० साली ही भीती खरी होती. फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं फायरशीप नावाचं साधन तेव्हा आलं आणि उघड्या वायफायवर दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात शिरणं कुणालाही जमू लागलं, कारण लॉगिननंतरची देवाणघेवाण बऱ्याच साइट उघडीच ठेवत. त्यानंतर परिस्थिती पालटली. व्हॉट्सअॅपने २०१६ मध्ये सगळे संदेश कूटबद्ध केले, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नयेत असे. २०१८ पासून एचटीटीपीएस (साइटशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध करणारी पद्धत) नसलेल्या साइटवर क्रोम ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवू लागला. बँकेच्या अॅपमधली माहिती तर फोनमधून बाहेर पडतानाच कूटबद्ध झालेली असते. तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे वायफाय चालवणाऱ्याला बहुतेक वेळा कळतं. तिथे काय टाइप केलंत ते कळत नाही.

मग लोक फसतात कुठे? ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये पोलिसांनी एका माणसावर गुन्हा दाखल केला. पर्थ, मेलबर्न आणि अॅडलेडच्या विमानतळांवर त्याने खऱ्याच नावाचं खोटं वायफाय सुरू केल्याचा आरोप होता. जोडणाऱ्यापुढे एक पान उघडायचं आणि त्यावर ईमेल किंवा सोशल मीडियाचं लॉगिन मागितलं जायचं. कूटबद्ध मजकूर फोडायची त्याला गरजच पडली नाही, कारण लोक आपल्या हाताने पासवर्ड भरत होते. वायफायच्या पानावर ईमेलचा पासवर्ड, कार्डाचा नंबर किंवा यूपीआय पिन मागितला की पान तिथेच बंद करायचं. संदेशात नेमकं हेच नसतं.

हॉटेलच्या पासवर्डबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तो भिंतीवर चिकटवलेला असतो, शेजारच्या टेबलालाही माहीत असतो.

मोबाइल नंबरची गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण तिचा एक धागा नवी मुंबईत आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. तपास पोहोचला सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वायफायपर्यंत. त्या उघड्या जोडणीचा दुसऱ्याच कुणी वापर केला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं केलं. आज येणारा ओटीपी त्यासाठी आहे: गुन्हा घडला तर माग काढता यावा म्हणून. तुमची माहिती जपली जाते याची ती हमी नव्हे. उलट नंबर दिला की तुम्ही कोण, कुठल्या स्टेशनवर, किती वाजता, किती वेळ होतात, याची तुमच्या नावाशी जुळू शकणारी नोंद तयार होते. आणि त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत जाहिरातींच्या संदेशांना संमती देणारी चौकट कित्येकदा आधीच टिक केलेली असते. ती टिक काढूनही वायफाय चालतं का, हे बघायची सवय लावा.

फ्री व्हीपीएनचा सल्ला तर सगळ्यात घातक. व्हीपीएन घेतलं की वायफायवाल्याऐवजी व्हीपीएनवाला तुमची ये-जा बघतो, एवढाच फरक. फेसबुकचं ओनाव्हो प्रोटेक्ट हे फ्री व्हीपीएन डेटा सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली दिलं जात होतं आणि लोक कुठली अॅप किती वापरतात ही माहिती कंपनीकडे जात होती. २०१९ मध्ये ते बंद झालं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने त्यापायी मेटाच्या (फेसबुकच्या मूळ कंपनीच्या) दोन कंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

आता कायदाही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार कामापुरतीच माहिती मागता येते आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यावा लागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. तोवर गप्प बसायचं कारण नाही. ठाण्यात तलावपाळीला असो वा नवी मुंबईत वाशीला, जिथे पालिका किंवा रेल्वे वायफाय देते तिथे फलकावर चार ओळी मराठीत हव्यात: नेटवर्कचं अचूक नाव, चालवणारी कंपनी, नंबर किती दिवस ठेवणार आणि तो पुसायला कुणाला सांगायचं. वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.