नव्वद रुपये

सकाळी चहा गाळत होते तेवढ्यात मेसेज. "ताई, रोप मेलेलं आलं. पैसे परत करा." खाली फोटो. मदनबाण मोगरा, पानं पिवळी, बुंध्यापाशी पांढरी बुरशी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. माझा रविवार तिथेच नासला.

आता या बाईंची कथा ऐका. ऑर्डर देताना मी विचारलं होतं, स्पीड पोस्टाने पाठवू की साध्या कुरिअरने? तर उत्तर, "जे स्वस्त असेल त्याने पाठवा. रोप १२० चं आणि शिपिंग १५० चं, हे काही पटत नाही बाई." मी म्हटलं, बरं, मग सोमवारपर्यंत थांबा. तर तेही नाही, "आजच टाका ना." गुरुवारी टाकलं. शुक्रवारी निघालं, शनिवार-रविवार कुठल्या तरी गोडाऊनमध्ये पडून राहिलं, बुधवारी यांच्या सोसायटीत पोचलं. ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसतंय. बुधवारपासून काल रात्रीपर्यंत खोका वॉचमनच्या केबिनमध्ये! का? तर "आम्ही जरा बाहेर होतो." अहो, साडी मागवली होती का तुम्ही? ती घडीतच राहते. झाड श्वास घेतं हो.

मी काही नर्सरीवाली नाही. घरामागे जागा आहे, हात चालतात, त्यातून चार रोपं होतात ती विकते. रोपाचे पैसे घेते, पाठवण्यात एक पैसा कमवत नाही. तरी दर आठवड्याला कुणीतरी ऐकवतंच की शिपिंग महाग. एकदा हिशोब मांडूनच टाकते. बहुतेक कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि पाच हजाराने भागतात, येतील तेवढे किलो धरतात. फूट-सव्वा फुटाचं रोप उभं बसायला ४५ बाय १५ बाय १५ चा खोका लागतो. करा गुणाकार. दोन किलो! आत रोप सहाशे ग्रॅमचं. उरलेल्या हवेचे पैसे तुम्ही भरता आणि ओरडा मला खावा लागतो.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितेय, तर नागपूरच्या मावशीचा अनंत.

आईच्या दारात अनंताचं झाड आहे, आजीने लावलेलं. मावशीचं लहानपण त्याच झाडाखाली गेलं. तिने नागपुरात घर बांधलं, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत ठरली, तेव्हा तिची एकच मागणी होती, दारात लावायला आपला अनंत हवा. आईने आदल्या आषाढातच गुटी (फांदीची साल काढून, ओलं मॉस बांधून तिथेच मुळं फुटवतात ती) बांधून ठेवली होती. मुळं धरली, पिशवीत लावली, वैशाखापर्यंत हातभर उंच झाली. पाठवायचं काम माझ्याकडे. नऊ दिवसांनी मावशीचा फोन आला. खोका उघडला तर काडी तेवढी शिल्लक होती, पानं सगळी तळाशी काळी होऊन चिकटलेली.

तेव्हा मी कुरिअरवाल्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लोकांना वाटतं, खोक्याला भोकं पाडली की झालं. भोकं हवीतच, पण खरा मुद्दा अंधाराचा आणि उष्णतेचा. बंद खोक्यात पानांतून निघणारा इथिलीन वायू साचतो, त्याने पानं पिवळी पडून गळतात. त्यात मुळांभोवतीचं ओलं मॉस उन्हाळ्यात शिजतं, मग बुरशी. इंग्लंडात वॉर्ड नावाचा एक डॉक्टर होता, त्याने १८३३ साली काचेच्या बंद पेट्यांतून रोपं जहाजाने सिडनीला पाठवली. कित्येक महिन्यांचा प्रवास, तरी जगली. का? तर पेटी काचेची होती, डेकवर ठेवलेली, आत उजेड येत होता. आपल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कसला आलाय उजेड! म्हणून किलोमीटर मोजू नका, अंधाराचे दिवस मोजा. मोगरा, अनंत, जास्वंद यांना मी फार तर तीन-चार दिवस देते. अर्धी पानं छाटायची, मातीचा गोळा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वरून पिशवी बांधायची ती बुंध्यापर्यंतच. पानं कोरडी राहिली पाहिजेत. आणि सोमवार किंवा मंगळवारीच टाकायचं.

हां, अडेनियम, म्हणजे ते जाड बुंध्याचं वाळवंटी झाड, असेल तर माझं काही म्हणणं नाही. माती झाडून, मुळं दोन दिवस सावलीत सुकवून कोरड्या कागदात गुंडाळलं की आठवडाभर त्याला ढिम्म काही होत नाही. लिलीचे कंद तर त्याहून निवांत. तिथे खुशाल स्वस्तातलं घ्या.

ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवा म्हणणारेही आहेत. कोल्हापूर-पुण्याला ते मलाही पटतं, रात्रीत पोचतं. पण पहाटे पाचला हायवेच्या पुलाखाली उभं राहून घ्यायला कोण येणार? "ड्रायव्हरला सांगा ना जरा आत आणून द्यायला" असं सांगणारीही एक भेटली होती. आणि डिकीत तुमच्या रोपावर कुणाचं तांदळाचं पोतं बसणार नाही याची हमी कुणी देत नाही.

स्पीड पोस्टाचंही मी फार कौतुक करत नाही. त्यांच्याकडेही उशीर होतो, मान्य. पण आमच्या गल्लीतले पोस्टमनकाका खोक्यावर 'जिवंत रोप' लिहिलेलं दिसलं की आधी माझं दार वाजवतात. रजिस्टर पोस्टही १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच घातलंय, म्हणजे खिडकीवर उभं राहून विचार करण्यासारखं फारसं उरलंच नाही.

विचार. हं.

तर अनंताचं अजून थोडं सांगायचं राहिलं. त्या दिवशी खोका घेऊन मी आधी पोस्टातच गेले होते. रांग होती, पण फार नाही. समोरच्या मुलीने वजन केलं, आकडा सांगितला. मी म्हटलं, जरा जास्तच आहे की! खोका उचलला आणि समोरच्या कुरिअरच्या दुकानात गेले. त्याने विचारलं, "मॅडम, एअर की सरफेस?" म्हणजे विमानाने की रस्त्याने. नव्वद रुपयांचा फरक होता. मी सरफेस म्हटलं. वैशाखात! नागपूरला! मीच म्हटलं. त्या माणसाने तर खोक्यावर हात ठेवून वर विचारलंही होतं, "झाड आहे ना आत?"

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. घरी सगळे अजून त्या कुरिअरवाल्यालाच शिव्या देतात.

आई मावशीला दर फोनला विचारायची, "फुटला का गं अनंत?" आणि मावशी, जिने ती काडी माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर कचऱ्यात टाकली होती, ती शांतपणे सांगायची, "फुटलाय की, दोन नवी पानं आलीत." त्या पावसाळ्यात मी गुपचूप दुसरी गुटी बांधली. दिवाळीनंतर इथली एक मुलगी महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरला जाणार होती, तिच्या हातात दिली. रात्रभर तिने पिशवी मांडीवर घेतली आणि सकाळी खिडकीशी ठेवली, उजेड लागावा म्हणून, मी न सांगता. आता मावशीच्या दारात झाड कमरेएवढं आहे आणि आईला ते पहिलंच वाटतं. आई फेसबुकवर नाही म्हणून लिहितेय. मावशी, तू आहेस. लाइक कर, पण गप्प बस.

सकाळी त्या बाईंना मी जे उत्तर टाइप केलं होतं ते पाठवलं नाही. नखाने जरा साल खरवडून बघायला सांगितलं. दुपारी फोटो आला, आत हिरवं आहे! म्हणजे आशा आहे. बुरशी पुसून, कुजलेली मुळं कापून, नव्या मातीत लावून सावलीत ठेवा, आठ-दहा दिवस ऊन नको, खत तर मुळीच नको.

आणि नाहीच जगलं तर दुसरं पाठवते, स्पीड पोस्टाने, माझ्या खर्चाने. फक्त बाई, पुढच्या सोमवारी तुम्ही घरी आहात का ते आधी कळवा. वॉचमनचा नंबरही द्या.