चिठ्ठी, ताबा आणि अण्णा

काल दुपारी सोलापूरच्या चाटी गल्लीत मामाच्या चादरीच्या दुकानात एका चिठ्ठीपायी माझे तीन तास गेले, डोकं अजून गरम आहे.

झालं एवढंच की पुण्याच्या गिऱ्हाइकाने स्क्रीनशॉट पाठवला, आमची साइट उघडली की ब्राउझर म्हणतो तुमची माहिती चोरीला जाऊ शकते. मामाचा फोन, "आपण चोर हाय का बे?"

साइट खरी आहे असं ब्राउझरला सांगणारा दाखला, म्हणजे सर्टिफिकेट, संपलं होतं. 90 दिवसांचं, फुकटातलं. 30 दिवस उरले की प्रोग्राम आपोआप नवं काढतो, असं मीच छाती ठोकून सांगितलेलं.

लॅपटॉप गल्ल्याशेजारी उघडला तर समोर अण्णा. रिटायर तलाठी. चादर कधी घेत नाहीत, चहा रोज घेतात.

"काय करूलालास बे?"

"साइट आपलीच आहे हे सिद्ध करायचंय."

"मग सातबारा दाखव की."

मी मूर्ख, समजावत बसलो. की सर्टिफिकेट देणारे एक आडवंतिडवं अक्षरांचं टोकन देतात, ते आपण साइटवर ठरलेल्या फोल्डरात ठेवायचं, मग ते पोर्ट 80 ने, म्हणजे साइटच्या साध्या दाराने, येऊन वाचतात, सापडलं की झालं.

अण्णांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे दाराला चिठ्ठी डकवली की घर तुझं?"

"...तसंच काहीसं."

"मग भाडेकरू पण डकवंल की! ह्येला ताबा म्हणत्यात. मालकी येगळी."

आणि मग साखर पेठेतला कुणाचा तरी वाडा, त्यातला भाडेकरू, त्याची वहिवाट, दोन वकील, एक मेलेला साक्षीदार, वीस मिनिटं. मामा काम सोडून ऐकतोय. राग याचा की म्हातारा बरोबर होता. असं सर्टिफिकेट देण्याचे नियम लिहिलेत त्या 2019 च्या आरएफसी 8555 मध्येही बघतात तो ताबाच, डोमेन म्हणजे साइटचं नाव कुणाच्या नावावर आहे ते कोणी विचारत नाही. आमचं डोमेन तर माझ्याआधी साइट बघणाऱ्या पोराच्या नावावर आहे, तो बंगळुरात, फोन उचलत नाही, म्हणून डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची एक नोंद) टाकायची दुसरी वाट मला बंदच.

चिठ्ठी काही त्यांना सापडेना. 403, म्हणजे आत यायला मनाई. परत 403. पाच वेळा नापास झालो की गप थांबायचं, असा नियम आहे, तर पाचव्यांदा नापास होऊन चहा पीत बसलो. अण्णा म्हणे, "आमच्या ऑफिसात पण पाच चकरा असायच्या."

शेवटी सापडलं. ते फोल्डर टिंबाने सुरू होतं, डॉट वेल-नोन, आणि संक्रांतीला सिक्युरिटी म्हणून टिंबवाल्या सगळ्या फोल्डरांना बंदी मीच घातलेली. प्रोग्राम बिचारा महिनाभर रोज दार वाजवून लॉगमध्ये रडत होता, लॉग वाचतंय कोण.

बंदी काढली, नवं सर्टिफिकेट निघालं तेव्हा अण्णांनी विचारलं, परत कधी? म्हटलं दोन महिन्यांनी, आणि मार्च 2029 पासून निघणारं साइटचं कुठलंच सर्टिफिकेट तर 47 दिवसांच्या वर चालणार नाही.

"मला जिवंत हाय म्हणून वर्षातनं एकदा, नोव्हेंबरात दाखला द्यावा लागतोय. तुझी साइट माझ्यापेक्षा म्हातारी हाय का बे?"

मामा एवढा हसला की गिऱ्हाईक दचकलं. (सोलापुरी चादरीच्या जीआयचं, म्हणजे ती सोलापूरचीच या सरकारी नोंदीचं, नूतनीकरण दहा वर्षांनी असतं, हे मला रात्री अंथरुणात सुचलं. काय उपयोग.)

पैशाचं विचारलं तर मामाने घडी घातलेली चादर पुढे केली, डबल. आता घरी सात झाल्यात. सोलापुरात. एप्रिलमध्ये.