विरी गेलेला नातू

मार्च 2020 ला चार दिवसांची रजा टाकून मंगळवेढ्याजवळ आमच्या गावी गेलो आणि लॉकडाऊन लागला, बसलो तिथेच अडकून. तोपर्यंत माझा स्वयंपाक म्हणजे मॅगी, तीही जरा पातळच. पंधरा दिवस आयतं गिळल्यावर एका सकाळी आज्जीने परात माझ्यापुढे सरकवली. "दिवसभर त्यो लॅपटॉप बडवतोसच की, आता ह्ये बडव."

मी विचारलं, पाणी किती घालू? म्हणे पीठच सांगतंय. मी बराच वेळ थांबलो, पीठ काही बोललं नाही.

आणि हे पीठ काही साधंसुधं नाही बरं, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, 2016 ला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालेली, तिचे मी हाल केले. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे कणकेसारखं नुसतं तिंबून भागत नाही, आधणाचं पाणी घालून चटका दिला की मग कुठे ती एकमेकाला धरते. हे मला नंतर कळलं. आज्जीचं शास्त्र एवढंच की पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा राहत नाही, मग भाकर मोडते. मला तर कारणच मिळालं, आठवडाभर प्रत्येक भाकरीनंतर मी आपलं "विरी गेली वाटतं" म्हणायचो. आठव्या दिवशी ती म्हणाली, "पीठ कालच दळून आणलंय. विरी तुझ्यात न्हाई."

थापताना भाकरी सगळीकडे जायची, फक्त गोल व्हायची नाही, पहिलीला तर शेपटी होती. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, जिथे राहून गेलं तिथे चीर पडते, चिरेतून वाफ पळते, मग बसा फुगायची वाट बघत. मी भाजायच्या भीतीने लांबूनच गोमूत्र शिंपडल्यासारखं करायचो.

रोज चार-पाच मोडायच्या. आमच्यात भाकरी टाकत नाहीत, त्यामुळे घरभर दुधात कुस्करा सुरू झाला आणि सगळे वैतागले, एक आबा सोडून. आबांना दात नाहीत. नातवाचा हात लागल्यापासून भाकरी बरी होतीय असं ते बाहेर कट्ट्यावर अंतर ठेवून बसलेल्यांना सांगायचे.

मग एकदा दुपारी एक भाकरी चुलीतल्या आरापुढे उभी केली आणि ती एका अंगाने हळूच उठली, बघता बघता टम्म!! मी असा ओरडलो की गोठ्यातली म्हैस बिचकली. आज्जीने काहीच न बोलता बोटाने पापुद्रा फाडला, आत शेंगाची चटणी भरली, वर तेल सोडलं आणि माझ्या हातात दिली. उभ्या उभ्याच खाल्ली, जीभ भाजली, पण थांबलो नाही.

आता पुण्यात रोज सकाळी थापतो. खालच्या फ्लॅटमधले काका एकदा वर येऊन विचारून गेले, टाइल्स बदलताय का.

परवा व्हिडिओ कॉलवर मोठ्या तोऱ्यात फुगलेली भाकरी दाखवली. आज्जीने चष्मा लावून नीट बघितलं. "कडंला पाणी कमी पडलंय."

मागून आबांचा आवाज, "मोडली का? मोडली आसंल तर म्हणावं घिऊन ये हिकडं."