रात्रीचे राग आता घरातच उरलेत

मंगळवार, बुधवार आणि गुरुवार. या तीन दिवशी आमच्याकडे रात्री साडेआठ ते साडेदहा टीव्ही बंद असतो. चार वर्षं झाली. परवा बँकेत जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला तेव्हा शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण म्हणाली, "अगं, पण मग दोन तास करता काय?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, डबे आवरायची वेळ झाली होती. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी मिरजेची, नोकरी सांगलीत. घरी पोचेपर्यंत सात-सव्वासात होतात. स्वयंपाक, जेवणं, ओटा आवरणं साडेआठपर्यंत उरकतं आणि मी आबांच्या खोलीत जाते. आबा म्हणजे माझे सासरे, वय 82, रेल्वेतून निवृत्त. त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. समोरचं माणूस ओळखू येतं, अक्षर दिसत नाही. ज्यांच्या उशाशी जन्मभर पुस्तक असायचं, त्यांना हे फार जड गेलं. सुरुवातीला ते पुस्तक मांडीवर घेऊन नुसती पानं उलटत बसायचे. मला बघवेना. एका मंगळवारी मी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. तिथून हे सुरू झालं. आधी पाऊण तास शास्त्रीय गाणं ऐकायचं, मग वाचन.

आधी गाणं, मग वाचन. दोन्ही एकदम नाही. याबाबत मी आता फार ठाम झालेय. पूर्वी मीही वाचताना काहीतरी लावून ठेवायची. हल्ली तर अभ्यासासाठी, झोपेसाठी, स्वयंपाकासाठी, सगळ्यासाठी वेगळ्या याद्या मिळतात. पण मोठ्यानं वाचायला लागल्यावर लक्षात आलं की शब्द असलेलं गाणं मागे चालू असेल तर वाक्य तुटतं. आणि शब्द नसले तरी चांगली आलापी कान ओढून घेतेच. मग ना धड गाणं ऐकलं जातं, ना धड पुस्तक कळतं. आबा एकदा म्हणाले, "समोर बसून कुणी गात असतं, तर आपण पेपर उघडला असता का?" त्यानंतर मी गाणं कधी मागे लावलं नाही. ऐकायचं तर समोर बसून.

त्यासाठी पंखासुद्धा बंद करतो. उन्हाळ्यात घाम येतो, पण पंख्याची घरघर तंबोऱ्याच्या नादात मिसळली की खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, ऐकूच येत नाही. पंखा थांबला की पहिलं अर्धं मिनिट खोली एकदम मोठी वाटते. मग चारही तारा वेगवेगळ्या कळायला लागतात. यमन असेल तर पहिली तार पंचमाची. मालकंस असेल तर मध्यमाची, कारण त्या रागात पंचम नाही. हे मला आबांनी शिकवलं. मी गाणं शिकलेली नाही. चार वर्षं शेजारी बसून जेवढं कानावर पडलं तेवढंच माझं ज्ञान.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. आपल्याकडे रागाला वेळ आहे. तीन तासांचा एक प्रहर, दिवसाचे चार, रात्रीचे चार. सूर्य मावळताना मारवा, पूरिया. रात्रीच्या पहिल्या प्रहरात यमन, भूप. नऊ वाजून गेले की बिहाग, बागेश्री. आणि मध्यरात्रीकडे दरबारी, मालकंस. हे नुसतं पुस्तकी आहे असं मलाही वाटायचं. पण आठवड्यातून तीन रात्री, एकाच खोलीत, घड्याळाच्या त्याच काट्यावर ऐकत गेलं की फरक अंगाला कळतो. यमनातला तीव्र मध्यम साडेआठला ऐकताना अजून दिवसाची धग अंगात असते. नऊच्या पुढे बागेश्रीतला कोमल गंधार आला की आपोआप पाय वर घेऊन बसावंसं वाटतं. हे मी सकाळी बसमध्ये कानात इअरफोन घालून करून पाहिलंय, नाही होत तसं.

आणि इथेच एक गोष्ट मला गंभीर वाटते. ध्वनिप्रदूषणाचे नियम सन 2000 मध्ये आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही बारापर्यंतच, सरकारला सूट देता येते. हा नियम योग्य आहे. घरात म्हातारं माणूस असलं की त्याची किंमत कळते. पण त्यानं एक झालं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून चालू आहे, तो एकेकाळी पहाटेपर्यंत चालायचा. आबा आणि त्यांचे दोन मित्र मिरजेहून रात्रीच्या गाडीनं जायचे, मांडवात शाल पांघरून बसायचे, सकाळची भैरवी ऐकून स्टेशन गाठायचे. आमच्या मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसातसुद्धा असंच, उजाडेपर्यंत गाणं. आता दहाच्या आत आटपायचं म्हणजे मध्यरात्रीच्या रागांनी जायचं कुठे? कलाकार नऊ वाजता मालकंस गातात, किंवा गातच नाहीत. बंद सभागृहाला मुभा आहे, पण शेवटची बस चुकेल म्हणून लोक आधीच उठतात. त्यात कुणाचा दोष नाही.

म्हणून मला वाटतं, हे राग त्यांच्या वेळेला ऐकायची जागा आता घरच आहे. तेही शनिवारी-रविवारी नाही. शनिवारी पाहुणे, रविवारी लग्नं, बारशी, बाजार. आठवड्याच्या मधल्या रात्री, ज्या दिवशी काहीच घडत नाही आणि कुणी बोलावत नाही, त्याच रात्री कान मोकळे असतात. सकाळी उठून नोकरीवर जायचंय हे खरं. पण साडेदहाला दिवा मालवला तरी सात तास झोप होते, मी मोजून सांगते.

आमच्या गावाला तर हे जास्तच लागू आहे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा सगळ्यांना आनंद झाला. सतारमेकर गल्लीतून संध्याकाळी गेलात तर अजूनही कुणीतरी जवारी लावत बसलेलं दिसतं. तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा दोरा केसभर मागे. एका तारेपायी तासभर गेलेला मी पाहिलाय. इतक्या कष्टानं जुळवलेला नाद ऐकायला घरात अर्धा तासही नसेल तर ते मानांकन कुणासाठी?

आणि याच गावात किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. 1937 साली पाँडिचेरीकडे जाताना गाडीत त्यांना अस्वस्थ वाटायला लागलं, म्हणून सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले. तिथेच फलाटावर तंबोरा जुळवायला सांगून दरबारी गायले आणि गेले, असं सांगतात. आबा रेल्वेतले. ही गोष्ट सांगताना ते नेहमी थांबतात आणि म्हणतात, "रात्रीचं स्टेशन किती शांत असतं, तुला माहीत नाही." रात्रपाळीला त्यांनी वर्षानुवर्षं रेडिओवर गाणी ऐकली, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. त्यांचा कान तिथे तयार झाला.

विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिटाचं, कधी त्याहून मोठं. बारा मात्रा. गायक मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येईपर्यंत वाट पाहायची. मला आधी हे सहन व्हायचं नाही, हात फोनकडे जायचा. आता नाही जात. आणि त्याचा फायदा लगेच वाचनाला होतो. पाऊण तास असं बसल्यावर पुस्तक उघडलं की लेखकानं दोन पानं नुसतं नदीचं वर्णन केलेलं असलं तरी घाई होत नाही. मोठ्यानं वाचायचं तर पानाला अडीच-तीन मिनिटं लागतात. रात्रीला वीस-बावीस पानं. अडीचशे पानांचं आत्मचरित्र चार आठवड्यांत संपतं. मनात वाचलं असतं तर दोन रात्रींत संपलं असतं आणि विसरलेही असते.

मुलगा दहावीला आहे. पहिलं वर्षभर त्याला हे कंटाळवाणं वाटायचं. आता गुरुवारी उंबऱ्यापाशी येऊन बसतो, आणि काल मी वाचताना एक नाव चुकले तर त्यानंच दुरुस्त केलं. मी काही बोलले नाही.

पुस्तकं वाचनालयातून आणते, आणि तिथे एक तक्रार आहे. आमचं वाचनालय साडेसातला बंद होतं. नोकरी करणाऱ्या माणसाला आठवड्यात एकही दिवस तिथे पोचता येत नाही, शनिवारीच काय ती गर्दी. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे, गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत, हे फार मोठं वैभव आहे. ते चालवणारी माणसं तुटपुंज्या पगारात काम करतात, त्यांना दोष देववत नाही. पण आठवड्यातले फक्त दोन दिवस, मंगळवार आणि गुरुवार, नऊपर्यंत उघडं ठेवलं तर किती घरांत पुस्तक पोचेल! हवं तर दुपारी उशिरा उघडा. मी लेखी विनंती दिलीये, तुम्हीही आपापल्या गावात द्या.

मागच्या आठवड्यात आणलेलं प्रवासवर्णन जाड खाकी बांधणीचं आहे, पाठीवर पांढऱ्या शाईनं क्रमांक. आत तारखांचा कागद चिकटवलाय. आमच्या आधीची शेवटची तारीख 2009 ची. त्या दिवसानंतर हे पुस्तक कुणी नेलंच नाही. मी तो कागद आबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग सावकाश वाच."

शेवटी एक काम आहे, जाणकारांनी मदत करावी. आबांकडे 1980 च्या सुमारास मिरजेत एका घरी झालेल्या मैफिलीची साठ मिनिटांची कॅसेट आहे, मित्रानं भरलेली. एका बाजूला बिहाग, दुसऱ्या बाजूला मालकंस. ती दुसरीकडे कुठेही मिळत नाही. काल लावली तर दोन मिनिटांत आबा म्हणाले, "हा काळी एकमध्ये गातो. आज पांढरी एक का लागतेय?" म्हणजे पेटीवरची एक पट्टी खाली. टेपरेकॉर्डर उघडून पाहिला, आतला रबरी पट्टा सैल झालाय, त्यामुळे टेप हळू फिरतेय आणि सूर उतरलाय. दुरुस्तीच्या दोन दुकानांत विचारलं, आता हे सामान ठेवत नाही म्हणाले. सांगली, मिरज, कोल्हापूर, कुठेही तसा पट्टा मिळत असेल किंवा बदलून देणारं कुणी माहीत असेल तर कृपया कळवा. जुना पट्टा दुहेरी घडी करून मोजला तर साधारण अकरा सेंटिमीटर भरतो, चौकोनी कडेचा आहे. मंगळवारच्या आत मिळाला तर फार बरं होईल.