चंगाई, इन्सुलिन आणि आत्मा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

शरीर, मन आणि आत्मा या तिन्हींच्या बरं होण्याबद्दल मी जे लिहिलं होतं, त्यावर तुम्ही मोठी आणि संतापलेली प्रतिक्रिया दिलीत. तुमच्या मावशींनी एका चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करतो असं सांगणाऱ्या सभेत, ऐकून इन्सुलिन बंद केलं आणि पुढे त्यांच्या पायाचं बोट काढावं लागलं. तुम्ही विचारता, शरीराला डॉक्टर आहे, मनाला मानसोपचारतज्ज्ञ आहे, मग हे आत्म्याचं मध्येच कशाला? रोगी दगावला की 'विश्वास कमी पडला' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, असाही तुमचा आरोप आहे. शिवाय मिशनचे दवाखाने म्हणजे धर्मांतराची दारं होती, असं म्हणता.

मावशींबद्दल आधी. ज्याने त्यांना इन्सुलिन सोडायला लावलं त्याने पाप केलं. मी ख्रिस्ती आहे आणि हे ख्रिस्ती म्हणूनच म्हणतोय. मधुमेह मंत्राने किंवा चमत्काराने बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. पण कायदा नसता तरी माझं म्हणणं बदललं नसतं. येशूचा प्रेषित पौल, त्याच्यासोबत फिरणारा लूक वैद्य होता आणि पौल एका पत्रात त्याचा उल्लेख 'प्रिय वैद्य' असा करतो. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचं पोट वारंवार बिघडायचं, तर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, त्या काळचं औषधच ते. प्रार्थना कर आणि बाकी सोड, असं नाही सांगितलं. आजाऱ्यासाठी प्रार्थनेची जी स्पष्ट सूचना बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे, ती सुद्धा वाचून पाहा. आजाऱ्याने मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. बोलावणं आजाऱ्याचं, येणारे ओळखीचे. तिथे व्यासपीठ नाही, लाउडस्पीकर नाही, कुबड्या फेकून दाखवायला लावणं नाही.

'विश्वास कमी पडला' हे वाक्य तर मला सगळ्यांत क्रूर वाटतं. आधीच खचलेल्या माणसाच्या डोक्यावर ते दोषाचं ओझं ठेवतं. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही नाकारलं. आणि खुद्द पौल ज्याला 'अंगातला काटा' म्हणतो ते त्याचं दुखणं, तीनदा देवाला विनवूनही, गेलं नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं कोणता पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणेल?

आता आत्म्याचा प्रश्न. तुमची वाटणी, शरीर एकाकडे आणि मन दुसऱ्याकडे, कागदावर चोख आहे. पण रोग्याच्या खाटेपाशी ती टिकत नाही. लंडनमध्ये 1967 साली सिसली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची काळजी घेणारं घर, सुरू केलं. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. श्रद्धेने पक्क्या ख्रिस्ती. मरणाच्या वाटेवरच्या कॅन्सर रुग्णांचं ऐकताना त्यांना दिसलं की वेदना एकजिनसी नसते. हाडातली कळ असते, पोरांचं कसं होईल ही धास्ती असते, घर खर्चात बुडवलं ही लाज असते, आणि 'माझ्याच वाट्याला का, माझ्या जगण्याला काही अर्थ होता का' हा प्रश्नही असतो. या शेवटच्या प्रश्नाला मी आत्म्याचं दुखणं म्हणतो. तुम्ही दुसरं काही म्हणा, पण तो प्रश्न रोग्याला पडतो, हे तुम्ही नाकारू शकणार नाही. आणि साँडर्स यांनी यावर केलं काय? वेदना उसळायची वाट न पाहता मॉर्फिन घड्याळाच्या काट्यावर, नियमित द्यायला लावलं. आधी कळ थांबवली, मग उशाशी बसून ऐकलं. आपल्याकडे वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन हेच काम करतं आहे.

तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. डॉ. पॉल ब्रँड तिथे 1946 साली आले. कुष्ठरोगात बोटं सडून गळतात असं तेव्हा सगळे धरून चालत. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं जातात ती संवेदना मेल्यामुळे : चटका कळत नाही, जखम कळत नाही, माणूस त्याच हाताने काम करत राहतो. वाकड्या झालेल्या बोटांसाठी त्यांनी स्नायूबंध हलवून बसवायच्या शस्त्रक्रिया केल्या. हात सरळ झाले. मग कळलं की सरळ हात घेऊन गावी गेलेल्याला कोणी कामावर ठेवत नाही. शरीर दुरुस्त झालं होतं, पण माणूस होता तिथेच होता. म्हणून तिथे राहायची आणि सुतारकामासारखे धंदे शिकायची सोय उभी राहिली. ते काम डॉक्टरांच्या पुस्तकात नव्हतं; पण येशूने कुष्ठरोग्याला बरं करताना आधी हात लावला, ही गोष्ट ब्रँड यांना पाठ होती. ज्याला कुणी शिवत नाही त्याला शिवणं हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यांनी तिथून घेतलं.

त्याच वेल्लोरला डॉ. मेरी व्हर्गीज होत्या. 1954 साली मोटार अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. त्यांच्यासाठी किती प्रार्थना झाल्या असतील, विचार करा. पाय परत आले नाहीत. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढे पुनर्वसनाचं शास्त्र शिकून आल्यावर 1963 पासून वेल्लोरचा तो विभाग सांभाळला. तुमच्या हिशेबाने त्या बऱ्या झाल्या नाहीत. माझ्या हिशेबाने झाल्या, आणि त्यांच्यामुळे कितीतरी इतर उभे राहिले. चंगाईचा ज्यांना धंदा करायचा आहे त्यांना ही गोष्ट सांगता येत नाही.

आणि आपलं जामखेड. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरला शिकलेले, 1970 साली नगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी भागात आले. मोठं हॉस्पिटल थाटून पेशंटची वाट बघत बसले नाहीत. गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, बऱ्याचशा दलित बायांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं : बाळंतपण, जुलाबात मिठा-साखरेचं पाणी, कुष्ठरोग ओळखणं. त्या शिक्षणाचा मोठा भाग होता स्वतःला कुणीतरी समजायला लागण्याचा, कारण नवऱ्याने टाकलेली, जन्मभर खाली मान घालून वावरलेली बाई सरपंचाच्या घरात जाऊन सुनेला सल्ला देणार कशी? हातपंप बसवताना आरोळ्यांनी दलित वस्तीत जागा निवडल्या. पाणी हवं तर सगळ्यांनी तिथे यायचं. आता हे शरीराचं काम झालं, की मनाचं, की समाजाचं? 1970 च्या सुमारास तिथे हजार जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात होती. नव्वदच्या दशकात तो आकडा पंचविशीच्या जवळपास आला. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे 2005 साली सुरू झालेल्या गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या 'आशा' योजनेची वाट ज्या जुन्या प्रयोगांनी पाडली, त्यांत जामखेडचं नाव घ्यावंच लागतं.

धर्मांतराविषयी. जुन्या मिशन दवाखान्यांत ओपीडी सुरू होण्याआधी बायबलचं वाचन व्हायचं, प्रचारक रोग्यांशी बोलायचे, हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. पण उपचारावर अट घालणं हे येशूच्या उदाहरणात बसत नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे परका. उरलेल्या नऊ जणांचं बरं होणं येशूने काढून घेतलं नाही. जो अट घालतो त्याला मी या गोष्टीपुढे उभा करीन, मग तो कितीही मोठा मिशनरी असो.

शेवटी तुम्ही विचारलंत, तुमच्या घरात कुणी पडलं तर आधी दवाखाना की आधी पाळक? आधी दवाखाना. रिक्षात बसल्या बसल्या प्रार्थना, कारण तिला वेळ लागत नाही. नैराश्याच्या गोळ्यांचंही तेच, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मग मंडळीचं काम सुरू होतं : रात्रपाळीला खाटेजवळ बसायला कोण, घरच्यांचा डबा कोण देणार, औषधांचे पैसे कुठून, आणि ज्या सुनेने तीन आठवडे झोप घेतली नाही तिला एक रात्र घरी कोण पाठवणार. पाळकाने येऊन डोक्यावर हात ठेवावा, जरूर ठेवावा. फक्त जाताना टेबलावरच्या चिठ्ठीवर गोळ्यांची वेळ बघावी, आणि ती टळली असेल तर स्वतः पाण्याचा ग्लास भरून द्यावा.