यलोनाइफचे स्क्रीनशॉट

१६ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी कॅनडाच्या उत्तर टोकाकडल्या यलोनाइफ शहराला हुकूम आला: शुक्रवारी दुपारी बारापर्यंत शहर रिकामं करा. नॉर्थवेस्ट टेरिटरीजची ही राजधानी, पण वस्ती जेमतेम वीस हजार. दक्षिणेला जाणारा महामार्ग एकच, आणि वाटेत ठिकठिकाणी रान पेटलेलं. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते विमानासाठी तासन् तास रांगेत उभे राहिले.

अशा वेळी माणसाचा हात आपसूक फोनकडे जातो. रस्ता चालू आहे का, पेट्रोल कुठे मिळतंय, आग किती किलोमीटरवर आली? 'कॅबिन रेडिओ' हे तिथलं छोटंसं स्थानिक वृत्तसंकेतस्थळ ही सगळी माहिती सतत देत होतं. पण फेसबुकवर तिची लिंक टाकता येत नव्हती. कॅनडात फेसबुकवर बातम्याच बंद होत्या. मग लोकांनी बातम्यांचे स्क्रीनशॉट काढले आणि तेच एकमेकांना पाठवले.

या स्क्रीनशॉटवर मी खूप विचार केला आहे. लिंक उघडली की आत्ताची बातमी दिसते. स्क्रीनशॉट मात्र काढला त्या मिनिटाला गोठतो. 'रस्ता चालू आहे' असं सकाळी खरं असलेलं वाक्य दुपारी तसंच फिरत राहतं. त्यावरची वेळ कोणी कापली असेल तर ते कधीचं आहे हेही कळत नाही. खरी बातमी अडवली की अशी ती शिळी होऊन फिरते, आणि वणव्यात शिळी बातमी जिवावर बेतू शकते.

बातम्या बंद का होत्या? जून २०२३ मध्ये कॅनडाच्या संसदेने 'ऑनलाइन न्यूज ॲक्ट' मंजूर केला. बातम्या दाखवायच्या तर मोठ्या कंपन्यांनी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा, असा हा कायदा. फेसबुकची मालक कंपनी मेटाने त्याच दिवशी जाहीर केलं की आम्ही पैसे देणार नाही, बातम्याच काढून टाकू. १ ऑगस्टपासून त्यांनी ते सुरूही केलं. यलोनाइफ रिकामं होत असताना पंतप्रधान ट्रुडो म्हणाले की कंपनी लोकांच्या सुरक्षेपेक्षा नफ्याला मोठं मानते आहे. कंपनीचं उत्तर होतं की सरकारी खात्यांची पानं चालू आहेत, 'मी सुखरूप आहे' हे कळवायची सोयही चालू आहे.

माझा राग आधी कंपनीवर आहे. कायदा प्रत्यक्षात लागू झाला डिसेंबरमध्ये. ऑगस्टमध्ये त्यांना कोणाला एक डॉलरही द्यावा लागत नव्हता. वणवे शांत होईपर्यंत काही आठवडे बातम्या उघडल्या असत्या तर त्यांचं काहीही बिघडलं नसतं. पण सरकारलाही मी सोडणार नाही. मे महिन्यापासून देश जळत होता. त्या वर्षी सुमारे दीड कोटी हेक्टर रान जळालं, म्हणजे जवळपास निम्म्या महाराष्ट्राएवढं, आणि दोन लाखांवर लोकांना घरं सोडावी लागली. कंपनी काय करणार हे जूनमध्येच कळलं होतं. तरी 'बातम्या बंद झाल्या तर दुर्गम भागातल्या लोकांना माहिती कशी पोचवायची' याची तयारी दिसली नाही. नोव्हेंबरअखेर गुगलशी वर्षाला दहा कोटी कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. मेटा शेवटपर्यंत बधली नाही.

हा झाला पैशाचा वाद. दुसरा दबाव याहून वाईट असतो. तो पोस्ट काढायला लावण्याचा.

जुलै २०२१ च्या अखेरीस तुर्कस्तानात मानावगात, मार्मारिस या किनारी भागात भीषण वणवे लागले. तिथल्या विमानसंस्थेची स्वतःची अग्निशमन विमानं उडण्याच्या स्थितीत नव्हती, भाड्याच्या रशियन विमानांवर भिस्त होती. हतबल लोकांनी 'हेल्प टर्की' या हॅशटॅगखाली जगाकडे मदत मागितली. अंकाराच्या सरकारी वकिलांनी त्या पोस्टचीच चौकशी सुरू केली. वाहिन्यांना आगीची दृश्यं दाखवण्यावरून तंबी मिळाली, पुढे काहींना दंडही झाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. आपली डोंगरउतारावरची घरं जळताना पाहून कोणी 'वाचवा' म्हणालं, तर त्याने राज्याची बदनामी होते असं मानणाऱ्या सरकारला मला एवढंच विचारायचं आहे की बदनामी त्या हाकेने झाली की न उडालेल्या विमानांनी?

हे तिथेच थांबलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे चुकीची माहिती पसरवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा झाला. फेब्रुवारी २०२३ च्या महाभूकंपानंतर तिसऱ्या दिवशी ट्विटर कित्येक तास अडवलं गेलं. ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसं तिथेच आपला ठावठिकाणा कळवत होती.

आता याची दुसरी बाजू. पूर्वी मला वाटायचं, आपत्तीत अफवा काढायला सरकारने कंपन्यांना सांगितलं तर बिघडलं कुठे? सप्टेंबर २०२० मधलं अमेरिकेतलं ओरेगन राज्य बघा. पूर्वेकडून सुटलेल्या सोसाट्याच्या वाऱ्याने वणवे फोफावले, आणि फेसबुकवर हूल उठली की डाव्या, फॅसिझमविरोधी 'अँटिफा'वाल्यांनी आगी लावल्या. काही ठिकाणी लोकांनी बंदुका घेऊन रस्ते अडवले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हटकलं. आपत्कालीन क्रमांकावर अफवांच्या फोनचा इतका भडिमार झाला की स्थानिक शेरीफना 'कृपा करून हे थांबवा' असं स्वतः लिहावं लागलं. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने जाहीर पत्रक काढून ही अफवा खोटी असल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी फेसबुकने त्या पोस्ट काढायला सुरुवात केली.

मला यात गैर काही दिसत नाही, आणि त्याचं कारण नेमकं आहे. यंत्रणेने आपल्या नावाने, चारचौघांत, तपासता येईल अशी गोष्ट सांगितली. चुकली असती तर कोणीही दाखवून देऊ शकलं असतं.

याउलट काय होतं ते ऑगस्ट २०२४ मध्ये मेटाचा प्रमुख मार्क झुकरबर्गने अमेरिकी काँग्रेसच्या समितीला लिहिलेल्या पत्रात आहे. २०२१ मध्ये बायडन प्रशासनातले अधिकारी कोविडविषयीचा मजकूर, अगदी विनोद आणि उपहाससुद्धा, काढण्यासाठी कित्येक महिने मागे लागले होते, आणि हा दबाव चुकीचा होता, असं त्यात म्हटलंय. ज्यांच्या पोस्ट गेल्या त्यांना त्या वेळी यातलं काही ठाऊक नव्हतं. हे प्रकरण त्या पत्राआधीच 'मर्थी विरुद्ध मिसूरी' म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जून २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा निकालाने ते फेटाळलं गेलं, कारण फिर्यादींना दाद मागण्याचा अधिकारच सिद्ध करता आला नाही. दबाव घटनाबाह्य होता की नव्हता, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. मला हे फार खुपतं. दबाव बंद दाराआड आला तर आपली पोस्ट नक्की त्यामुळेच गेली हे सामान्य माणूस सिद्ध कसं करणार?

आणि हा एका पक्षाचा दोष आहे असं कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाच्या न्याय खात्याने मागणी केल्यावर ॲपलने 'आइसब्लॉक' हे ॲप काढून टाकलं. इमिग्रेशन अधिकारी कुठे दिसले हे लोक त्यावर नोंदवत. कालपर्यंत सरकारी दबावाविरुद्ध ओरडणारे त्या दिवशी गप्प होते, आणि आधी गप्प बसलेले ओरडत होते. माझे स्वतःचे मित्रही दोन्हीकडे होते, म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटतंय.

वणव्यात तर हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण 'अधिकृत माहिती' हीच खरी माहिती असेल याची खात्री नसते. लॉस एंजेलिसजवळचं अल्टाडेना घ्या. ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला ईटन वणवा पेटला. अल्टाडेनाच्या पश्चिम भागाला घरं सोडण्याचा इशारा मिळाला पहाटे साडेतीनच्या आसपास. तोवर तिथली घरं पेटली होती. या वणव्यात दगावलेले जवळजवळ सगळे त्याच भागातले. आता कल्पना करा, मध्यरात्री तिथल्या एखाद्या रहिवाशाने लिहिलं असतं, 'आमच्या गल्लीत ठिणग्या पडताहेत, इशाऱ्याची वाट बघू नका, निघा.' सरकारी नकाशावर तो भाग सुरक्षित होता. नियमाने ती पोस्ट अपुष्ट, घबराट पसरवणारी ठरली असती. आणि त्या रात्री वाचण्यासारखी तीच होती.

दोनच दिवसांनी, ९ जानेवारीला, याच्या अगदी उलट घडलं. एका छोट्या भागासाठीचा इशारा चुकून सगळ्या लॉस एंजेलिस काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), सुमारे एक कोटी लोकांच्या फोनवर गेला. म्हणजे एकदा यंत्रणा गप्प राहिली आणि एकदा तिने विनाकारण सगळ्यांना घाबरवलं. दोन्ही चुका माणसांच्या आणि यंत्रांच्या, मी त्यात कट शोधत नाही. पण ज्यांच्या हातून अशा चुका होतात त्यांच्याच हाती कोणती पोस्ट राहील आणि कोणती जाईल हे गुपचूप ठरवायचा अधिकार देऊ नये, एवढं तरी मान्य करायला हवं.

होय, खोटंही तेव्हा भरपूर फिरलं. हॉलिवूडची पाटी जळतानाची एआयने बनवलेली चित्रं लाखोंनी पाहिली, आणि पाटी होती तशीच होती. मेटाने अमेरिकेतली बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्यतपासणी बंद करत असल्याचं जाहीर केलं तेही नेमकं ७ जानेवारीलाच. तो निर्णय मला चुकीचा वाटतो. तपासणाऱ्याने पोस्टखाली 'हे खोटं आहे, कारण असं' असं लिहिणं मला हवंच आहे. अधिकाऱ्याने कंपनीला फोन करून ती पोस्टच गायब करवणं मला नको आहे. आणि पोस्ट काढायलाच लावायची असेल तर आदेश लेखी असावा, अधिकाऱ्याच्या नावाने असावा, ज्याची पोस्ट गेली त्याच्या हाती पडावा आणि त्याला न्यायालयात जाता यावं.

त्या जानेवारीत लाखो लोक 'वॉच ड्यूटी' हे ॲप बघत होते. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही ना-नफा संस्था. निवृत्त अग्निशमन जवान, पत्रकार असे लोक रात्रंदिवस अग्निशमन दलाचा रेडिओ ऐकून आग कुठवर आली ते नकाशावर मांडतात. पुढच्या एखाद्या वणव्याच्या रात्री तो नकाशा आणि सरकारी नकाशा जुळणार नाही. कोणाला तरी वाटेल की यामुळे घबराट पसरतेय, आणि ॲप दाखवणाऱ्या कंपनीला फोन जाईल. तो फोन झाला हे नकाशा बघत बसलेल्या माणसाला त्याच रात्री कळायला हवं.